ग्रीवा रोहिणी विलेपातील नववाहिनीजनन

मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या ग्रीवा रोहिणीच्या (रोहिणी म्हणजे हृदयाकडून शरीराकडे रक्त वाहून नेणारी वाहिनी) भित्तीत वसायुक्त पदार्थ साचून जो जाडसर चट्टा तयार होतो त्याला विलेप म्हणतात. अशा विलेपात कालांतराने केसाहूनही बारीक अशा नव्या रक्तवाहिन्या शिरतात व फांद्या फुटून पसरतात. या घटनेला विलेपातील नववाहिनीजनन असे नाव आहे. निरोगी रोहिणीच्या सर्वांत आतल्या थरात स्वतःच्या अशा रक्तवाहिन्या मुळीच नसतात. म्हणून तेथे त्या दिसणे हेच विकृतीचे लक्षण होय. या वाहिन्या अपरिपक्व व नाजूक असून त्यांतून रक्त पाझरते. त्यामुळे विलेपाच्या गाभ्यात रक्तस्राव होतो, विलेप झपाट्याने वाढतो व दुर्बळ होऊन फुटण्याचा आणि परिणामी पक्षाघाताचा धोका वाढतो. जखम भरून येताना किंवा गर्भाची वाढ होताना जी प्रक्रिया अत्यावश्यक असते, तीच येथे बहुधा अपायकारक ठरते.

शारीर : मानेच्या दोन्ही बाजूंस एकेक सामाईक ग्रीवा रोहिणी असते. उजवी बाहुशीर्ष रोहिणीपासून, तर डावी थेट महारोहिणीच्या कमानीपासून निघते. कंठमण्याच्या वरच्या कडेच्या सुमारास प्रत्येकीचे दोन शाखांत विभाजन होते. बाह्य ग्रीवा रोहिणी चेहरा, टाळू व मानेचा काही भाग यांना, तर अंतर्ग्रीवा रोहिणी डोळा आणि मेंदूचा पुढील व मधला बराचसा भाग यांना रक्त पुरविते. ग्रीवा रोहिणीच्या पाश्चात्त्य नावाचे मूळ गाढ गुंगी या अर्थाच्या ग्रीक शब्दात आहे. या वाहिन्या दाबल्यास शुद्ध हरपते, अशी प्राचीन ग्रीकांची समजूत होती.

विलेप मानेतील सर्व लांबीवर सारखा पसरत नाही. त्याचे आवडते ठिकाण म्हणजे विभाजनाची जागा व अंतर्ग्रीवा रोहिणीचा आरंभीचा किंचित फुगीर भाग, आणि त्यातही या भागाची बाहेरील बाजू. सी. के. झॅरिन्स, डी. पी. गिडेन्स, एस. ग्लागॉव्ह व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मृतदेहांतील विलेपांची जागा व काचेसारख्या पारदर्शक प्रतिकृतींतील प्रवाहाचा वेग यांची तुलना केली. विभाजनाच्या दुबेळक्यात प्रवाह जोराचा असतो. तेथे विलेप कमी आढळला. बाहेरील भित्तीजवळ मात्र प्रवाह मंदावतो, प्रत्येक ठोक्यागणिक मागेपुढे होतो व भित्तीवरील कर्तन प्रतिबल (पृष्ठभागाला समांतर दिशेने घासणारा ताण) कमी असते. तेथेच विलेप सर्वाधिक जाड होता. नदीच्या वळणावर संथ पाण्यात गाळ साचतो, त्याची येथे आठवण होते. पण हे साम्य फार ताणता येत नाही. विलेप हा निव्वळ साचलेला गाळ नाही. त्यात जिवंत कोशिका असतात, त्या श्वसन करतात, विभागतात व मरतात, आणि त्यांना अन्न व ऑक्सिजन लागतो. पुढील सर्व घटना या एका गरजेतून उद्‌भवतात.

रोहिणीभित्तीचे पोषण : रोहिणीच्या भित्तीत तीन कंचुक (आवरणे) असतात. आतून बाहेर जाताना प्रथम अंतःकंचुक लागतो. त्याच्या रक्ताकडील पृष्ठभागावर चपट्या कोशिकांचा एकपदरी अंतःस्तर असतो. मध्यकंचुक अरेखित स्नायू व लवचिक तंतूंच्या पटलांचा बनलेला असतो. बाह्यकंचुक सैलसर संयोजी ऊतकाचा (जोडणाऱ्या व आधार देणाऱ्या समान कोशिकासमूहाचा) असून त्यात तंत्रिका व रोहिणीभित्तीला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या असतात. मोठ्या वाहिनीच्या भित्तीला पोसणाऱ्या या वाहिन्यांना भित्तिपोषक वाहिन्या म्हणतात. (पाश्चात्त्य ग्रंथांत त्यांना वाहिन्यांच्या वाहिन्या अशा अर्थाचे ‘व्हासा व्हासोरम’ हे लॅटिन नाव आहे.)

भित्तीच्या आतल्या भागाला रोहिणीतून वाहणाऱ्या रक्तातूनच विसरणाने (अधिक संहतीकडून कमी संहतीकडे रेणू पसरण्याच्या क्रियेने) ऑक्सिजन मिळतो, तर बाहेरच्या भागाला भित्तिपोषक वाहिन्यांतून मिळतो. विसरणाची पोच मर्यादित असते. जिवंत ऊतकात रक्तापासून सु. ०.१ ते ०.२ मिमी.पलीकडे ऑक्सिजन पुरेसा पोहोचत नाही. एच्. वोलिन्स्की व ग्लागॉव्ह यांनी १९६७ मध्ये अनेक जातींच्या सस्तन प्राण्यांच्या महारोहिणींची तुलना केली. ज्या प्राण्यांत मध्यकंचुकातील पटलांची संख्या २९ किंवा त्याहून कमी होती त्यांच्या मध्यकंचुकात पोषक वाहिन्या नव्हत्या. संख्या त्याहून अधिक असलेल्या प्राण्यांत त्या आत शिरलेल्या आढळल्या. उंदरापासून मोठ्या प्राण्यांपर्यंत लागू पडणारा हा साधा हिशेब रोगाच्या बाबतीतही उपयोगी पडतो, कारण विलेप म्हणजे एका अर्थी भित्तीची नको तेथे वाढलेली जाडी होय.

इतिहास : विलेपात रक्तवाहिन्या असतात हे प्रथम के. कोस्टर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८७६ मध्ये नोंदविले. त्यानंतर सु. साठ वर्षे या निरीक्षणाकडे फारसे कोणी वळले नाही. कॅनडातील जे. सी. पॅटर्सन यांनी १९३६ मध्ये हृद्‌रोहिणींच्या अंतःकंचुकातील केशवाहिन्या व रक्तस्राव यांचे वर्णन प्रसिद्ध केले. या केशवाहिन्या फुटल्यामुळे रक्तस्राव होतो व त्यातूनच पुढे रोहिणीत रक्ताची गुठळी होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. अमेरिकेत येल विद्यापीठातील एम्. सी. विंटरनिट्‌झ, आर्. एम्. टॉमस व पी. एम्. लेकाँट यांनी शाईसारखे पदार्थ अंतःक्षेपित करून विलेपातील वाहिन्यांचे जाळे दृश्यमान केले व १९३८ मध्ये त्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. ई. गायरिंगर यांनी १९५१ मध्ये महारोहिणीचा अभ्यास करून अंतःकंचुक एका ठरावीक मर्यादेहून जाड झाल्याशिवाय त्यात वाहिन्या शिरत नाहीत, असे दाखविले.

पॅटर्सन यांचे मत मात्र बराच काळ मागे पडले. पी. कॉन्स्टँटिनिडीस यांनी १९६६ मध्ये गुठळीने बंद झालेल्या हृद्‌रोहिणींचे ओळीने शेकडो पातळ छेद घेतले आणि गुठळीच्या खाली विलेपाच्या आवरणाला चीर पडलेली असते व त्या चिरेतून रोहिणीतील रक्त आत घुसलेले असते, असे दाखविले. पुढे इंग्लंडमध्ये एम्. जे. डेव्हिस यांच्या कार्याने या मताला बळकटी आली. रक्त आतल्या वाहिन्यांतून बाहेर येते की रोहिणीतून आत येते, हा वाद अशा रीतीने उभा राहिला. तो निकालात निघाला असे म्हणता येत नाही. पण दोन्ही गोष्टी घडतात आणि एकीमुळे दुसरीला वाट मिळते, असे आज बहुतेक विकृतिवैज्ञानिक मानतात. आवरण संपूर्ण शाबूत असलेल्या अनेक विलेपांत खोलवर ताजे व जुने रक्तस्राव शेजारीशेजारी आढळतात. त्यांचा उलगडा केवळ चिरेच्या कल्पनेने होत नाही.

या विषयात पुन्हा जान आली ती दोन दिशांनी. जे. फोकमन यांनी १९७१ मध्ये अर्बुदाची (कोशिकांच्या अनियंत्रित वाढीने बनलेल्या गाठीची) वाढ नव्या रक्तवाहिन्यांवर अवलंबून असते आणि त्या रोखल्यास अर्बुदही रोखता येईल, ही कल्पना मांडली. दुसरीकडे हार्व्हर्ड विद्यापीठातील ए. सी. बार्जर व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी हृदयांच्या रोहिणींत सिलिकोन बहुवारिक भरून चलच्चित्रण केले आणि विलेप असलेल्या भागांभोवती सूक्ष्म वाहिन्यांचे दाट जाळे असते, तर निरोगी भागांत ते नसते, असे १९८४ मध्ये दाखविले. अर्बुदासंबंधीचे ज्ञान विलेपाला लावून पाहण्याचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला.

ग्रीवा रोहिणीचे वेगळे महत्त्व : वरील बहुतेक काम हृद्‌रोहिणी व महारोहिणी यांवर आणि मृतदेहांवर झाले. ग्रीवा रोहिणीच्या बाबतीत मात्र रुग्ण हयात असताना संपूर्ण विलेप हाती येतो. सी. एम्. फिशर यांनी १९५१ मध्ये अंतर्ग्रीवा रोहिणी बंद होणे व पक्षाघात यांचा संबंध स्पष्ट केला आणि मोठ्या झटक्यापूर्वी अनेकदा क्षणिक झटके येऊन जातात याकडे लक्ष वेधले. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात एच्. एच्. जी. ईस्टकॉट, जी. डब्ल्यू. पिकरिंग व सी. जी. रॉब यांनी १९५४ मध्ये रोगट विभाजन काढून टाकून रोहिणी पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया केली. अमेरिकेत एम्. ई. डबेकी यांनी १९५३ मध्ये केलेल्या शस्त्रक्रियेची माहिती पुढे १९७५ मध्ये प्रसिद्ध झाली. रोहिणी उघडून विलेप सोलून काढण्याची (अंतःकंचुक उच्छेदनाची) ही पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली. त्यामुळे ज्याला झटका येऊन गेला आहे त्याचा विलेप व ज्याला कधीच लक्षणे झाली नाहीत त्याचा विलेप सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून पाहता येऊ लागले.

अशा तुलनेत एक उणीव राहते व ती ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. शस्त्रक्रियेत विलेप मध्यकंचुकाच्या बाहेरील भागातून सोडविला जातो. बाह्यकंचुक रुग्णाच्या मानेतच राहतो. नव्या वाहिन्यांचा उगम बहुतांशी बाह्यकंचुकात असल्याने प्रयोगशाळेत येणाऱ्या नमुन्यात झाडाच्या फांद्या दिसतात, मुळे दिसत नाहीत.

उत्पत्ती : विलेपाची सुरुवात अंतःकंचुकात कमी घनतेची वसाप्रथिने अडकून राहण्याने होते [→ रोहिणी विलेपी विकार]. त्यांचे ऑक्सिडीभवन होते, रक्तातील एककेंद्रकी श्वेत कोशिका तेथे ओढल्या जातात, त्यांच्या महाभक्षी कोशिका बनतात आणि वसा गिळून त्या फेसाळ दिसू लागतात. या फेनकोशिका मरून गाभ्यात कोलेस्टेरॉल व कोशिकांचे अवशेष यांचा लगदा साचतो. त्यावर कोलॅजेन तंतू व अरेखित स्नायू कोशिका यांचे तंतुमय आवरण तयार होते. थर जाड होत गेला की त्याचा मधला भाग आतील रक्तापासून व बाहेरच्या पोषक वाहिन्यांपासून सारखाच दूर पडतो. शिवाय महाभक्षी कोशिका ऑक्सिजनाचा वापर फार करतात. जे. सी. स्लाउमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ग्रीवा रोहिणीच्या शस्त्रक्रियेपूर्वी काही रुग्णांना ऑक्सिजन कमी असलेल्या कोशिकांतच चिकटून राहणारे रसायन टोचले. नंतर काढलेल्या विलेपांत महाभक्षी कोशिकांनी गजबजलेल्या भागांत ते आढळले. जिवंत माणसाच्या विलेपात ऑक्सिजनन्यूनता असते, याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता.

ऑक्सिजन कमी पडल्याची जाणीव कोशिकेला एका विशिष्ट प्रथिनामार्फत होते. ऑक्सिजन पुरेसा असताना हे प्रथिन तयार होताच नष्ट केले जाते. तो कमी पडला की ते टिकून राहते, कोशिकेच्या केंद्रकात जाते व अनेक जनुके कार्यान्वित करते. या यंत्रणेच्या शोधाबद्दल जी. एल्. सेमेन्झा, पी. जे. रॅटक्लिफ व डब्ल्यू. जी. केलिन यांना २०१९ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. कार्यान्वित होणाऱ्या जनुकांपैकी एक म्हणजे वाहिनी-अंतःस्तर वृद्धिघटकाचे. डी. आर्. सेंजर व एच्. एफ्. ड्व्होरॅक यांच्या गटाने १९८३ मध्ये हा घटक वाहिन्यांची पार्यता (झिरपू देण्याची क्षमता) वाढविणारा पदार्थ म्हणून वर्णिला होता. एन्. फेरारा यांनी १९८९ मध्ये तो वाहिन्यांची वाढ घडविणारा पदार्थ म्हणून वेगळा केला. एकाच रेणूची ही दोन नावे विलेपातील संकटाचे नेमके वर्णन करतात : जो वाहिनी वाढवितो तोच तिला गळकी ठेवतो.

या घटकाच्या हाकेला बाह्यकंचुकातील पोषक वाहिन्यांच्या अंतःस्तर कोशिका प्रतिसाद देतात. त्या एंझाइमांच्या साहाय्याने भोवतालचे आधारद्रव्य विरघळवीत मध्यकंचुकातून वाट काढतात व विलेपाच्या तळाशी आणि खांद्यांशी (आवरण जेथे निरोगी भित्तीला मिळते त्या कडांशी) पोहोचतात. थोड्या वाहिन्या रोहिणीच्या आतल्या पोकळीतूनही निघतात, परंतु एम्. कुमामोटो व सहकाऱ्यांनी हृद्‌रोहिणींवर केलेल्या १९९५ च्या अभ्यासात बाहेरून येणाऱ्या वाहिन्यांचे प्रमाण आतून निघणाऱ्यांच्या २८ पट होते. ऑक्सिजनन्यूनता हे एकमेव कारण मात्र नव्हे. शोथ (दाहयुक्त सूज) निर्माण करणारे पदार्थ व ऑक्सिडीभूत वसा हेही वाहिनीजननाला चालना देतात, आणि ऑक्सिजनाची मोठी चणचण नसलेल्या लहान विलेपांतही ते आढळते.

संरचना : पूर्ण वाढ झालेल्या वाहिनीला अंतःस्तराबाहेर आधारपटल व त्याला बिलगलेल्या परिकोशिका किंवा स्नायू कोशिका असतात. विलेपातील बहुतेक वाहिन्यांना या बाह्य आधाराची वाण असते. त्यांचा अंतःस्तरही जागोजाग अपुरा असतो. कोशिकांमधील सांधे उघडे राहतात, आधारपटल तुटक असते. वाहिनीला स्थैर्य देणारे व तिला सैल करणारे असे दोन परस्परविरोधी प्रथिन घटक असतात. विलेपात त्यांचा तोल दुसऱ्याच्या बाजूला झुकलेला आढळतो. सूक्ष्मदर्शकाखाली या वाहिन्या अंतःस्तर कोशिकांच्या खुणा असलेल्या सीडी-३१, सीडी-३४ इ. प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडांचे रंजन करून ओळखतात. एम्. जे. मॅकार्थी व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये केलेल्या तुलनेत लक्षणे झालेल्या रुग्णांच्या विलेपांत वाहिन्यांची संख्या अधिक होतीच; शिवाय त्या मोठ्या, वेड्यावाकड्या व अनियमित आकाराच्या होत्या. संख्येइतकेच किंवा त्याहून अधिक महत्त्व या बेढबपणाला द्यावे लागेल, असे दिसते.

रक्तस्राव व त्याचे परिणाम : अशा वाहिनीवर सतत यांत्रिक ताण पडत असतो. मिनिटाला ७० ठोके धरले, तर दिवसाकाठी एक लाखाहून अधिक वेळा रोहिणीची भित्ती ताणली व सैल होते. मऊ लगदा, ताठ तंतू आणि कठीण कॅल्शियमाचे खडे एकमेकांशेजारी असल्याने हा ताण सारखा वाटला जात नाही. वाहिनी एकदम फुटली नाही, तरी तिच्यातून तांबड्या कोशिका झिरपत राहतात.

बाहेर पडलेली तांबडी कोशिका निरुपद्रवी नसते. तिच्या पटलात मुक्त कोलेस्टेरॉल विपुल असते. एफ्. डी. कोलोजी, आर्. विरमाणी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये हृद्‌रोहिणींच्या विलेपांत तांबड्या कोशिकांच्या पटलातील वैशिष्ट्यपूर्ण प्रथिनाचा शोध घेतला. ज्या विलेपांत ते अधिक होते त्यांत लोहाचे साठे, गाभ्याचा आकार व महाभक्षी कोशिकांची दाटीही अधिक होती. विलेपातील सर्व कोलेस्टेरॉल रक्तद्रवातील वसाप्रथिनांतूनच येते, या जुन्या समजाला त्यामुळे मुरड घालावी लागली. काही भाग झिरपलेल्या रक्तातून येतो. कोशिकांतून सुटलेले रक्तारुण (हीमोग्लोबिन) व त्यातील लोह ऑक्सिडीभवनाला चालना देतात. हॅप्टोग्लोबिन नावाचे प्रथिन मोकळे रक्तारुण बांधून ठेवते व महाभक्षी कोशिका ही जोडी गिळून टाकतात. ही साफसफाईची व्यवस्था असली, तरी ती निर्दोष नाही. एल्. गुओ, ए. व्ही. फिन व सहकाऱ्यांच्या २०१८ मधील संशोधनानुसार रक्तारुण गिळणाऱ्या या महाभक्षी कोशिका स्वतःच वाहिनीवृद्धी घडविणारा घटक स्रवतात. रक्तस्रावाने साफसफाई करणाऱ्या कोशिका येतात, त्या वाहिन्या वाढवितात व वाहिन्यांतून पुन्हा रक्तस्राव होतो, असे हे चक्र चालू राहते. नव्या वाहिन्यांच्या अंतःस्तरावर श्वेत कोशिकांना चिकटवून घेणारे रेणूही भरपूर असतात, म्हणजे शोथकारक कोशिकांना आत येण्यास हे मागचे दारच होय.

गाभा फुगतो, महाभक्षी कोशिकांची एंझाइमे आवरणातील कोलॅजेन कुरतडतात आणि आवरण पातळ होते. ते फाटले की गाभ्यातील द्रव्याशी रक्ताचा संपर्क येऊन गुठळी होते. ग्रीवा रोहिणी रुंद असल्याने ती हृद्‌रोहिणीप्रमाणे जागीच बंद पडण्याचा प्रसंग त्या मानाने कमी येतो. बहुधा गुठळीचे वा लगद्याचे कण सुटून प्रवाहाबरोबर मेंदूत जातात व तेथील लहान रोहिणीत अडकतात. यालाच अंतर्कीलन म्हणतात. कण डोळ्याच्या रोहिणीत गेल्यास एका डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखी काही मिनिटे अंधारी येते. मेंदूत गेल्यास विरुद्ध बाजूचा हात वा पाय लुळा पडतो, बोलणे अडते किंवा शब्द सुचत नाहीत. ही लक्षणे काही मिनिटांत नाहीशी झाली म्हणजे रुग्ण व नातेवाईक निर्धास्त होतात, हे फार घातक आहे. पक्षाघाताचा धोका अशा क्षणिक झटक्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त असतो [→ पक्षाघात].

निदान : ग्रीवा रोहिणी त्वचेपासून थोड्याच खोलीवर असल्याने ती श्राव्यातीत ध्वनीने (माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंप्रतेच्या ध्वनीने) सहज तपासता येते. नेहमीच्या तपासणीत विलेपाची जाडी व रक्तप्रवाहाचा वेग कळतो, सूक्ष्म वाहिन्या दिसत नाहीत. त्यासाठी नीलेतून वायूचे अतिसूक्ष्म बुडबुडे टोचतात. वसेच्या किंवा प्रथिनाच्या पातळ कवचातील हे बुडबुडे तांबड्या कोशिकेएवढे किंवा त्याहून लहान असून रक्तवाहिनीबाहेर जात नाहीत. साहजिकच विलेपाच्या आत बुडबुड्यांची चमक दिसली, तर तेथे वाहिन्या आहेत असे अनुमान करता येते. एस्. कोली व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या चमकेचे प्रमाण व काढलेल्या विलेपातील वाहिन्यांची घनता यांचा मेळ बसतो असे दाखविले. तपासणी सोपी असली, तरी फसवी होऊ शकते. तपासणीच्या उपकरणापासून दूरच्या भित्तीवर ध्वनीच्या विकृतीमुळे खोटी चमक दिसते, कॅल्शियमाच्या खड्यांमागे सावली पडते आणि चमकेची प्रतवारी पुष्कळदा तपासणाऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहते.

चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमादर्शनात (एमआरआय तपासणीत) वाहिन्यांपेक्षा त्यांनी केलेला रक्तस्राव अधिक खात्रीने दिसतो, कारण साकळलेल्या रक्तातील रूपांतरित रक्तारुण विशिष्ट प्रतिमेत ठळक उजळ दिसते. एन्. ताकाया व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सुरुवातीस लक्षणे नसलेल्या १५४ रुग्णांचा सरासरी ३८ महिने पाठपुरावा केला. ज्यांच्या विलेपात रक्तस्राव दिसला होता त्यांना त्याच बाजूच्या ग्रीवा रोहिणीमुळे झटका येण्याचा धोका इतरांच्या सु. पाच पट होता. गॅडोलिनियमयुक्त द्रव्य टोचून ते विलेपात किती वेगाने झिरपते हे मोजूनही वाहिन्यांच्या गळकेपणाचा अंदाज घेतात. किरणोत्सर्गी ग्लुकोजसदृश पदार्थ वापरून केलेल्या पॉझिट्रॉन उत्सर्जन तपासणीत मुख्यतः महाभक्षी कोशिकांची क्रियाशीलता कळते.

संकोचाचा निकष व त्याची मर्यादा : शस्त्रक्रिया कोणावर करावी याचा निर्णय आजही प्रामुख्याने रोहिणीची पोकळी किती टक्के अरुंद झाली आहे यावर घेतला जातो. या निकषाला भक्कम आधार आहे. उत्तर अमेरिकेत झालेल्या व १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७० ते ९९ टक्के संकोच असलेल्या व लक्षणे होऊन गेलेल्या रुग्णांत दोन वर्षांत त्याच बाजूचा पक्षाघात होण्याचे प्रमाण केवळ औषधे घेणाऱ्यांत २६ टक्के, तर शस्त्रक्रिया झालेल्यांत ९ टक्के होते. यूरोपातील समांतर चाचणीचा निष्कर्षही असाच होता. मध्यम संकोचात मात्र लाभ बराच कमी आणि सौम्य संकोचात जवळजवळ नाहीच, असे आढळले.

अडचण अशी की टक्केवारी पोकळी मोजते, भित्ती मोजत नाही. विलेप वाढू लागला की रोहिणी आरंभी बाहेरच्या बाजूने फुगून पोकळी राखते. त्यामुळे बराच मोठा व रक्तस्राव झालेला विलेपसुद्धा मापनात मध्यम किंवा किरकोळ ठरू शकतो. उलट, कॅल्शियमयुक्त, तंतुमय व वाहिन्याविरहित विलेप ८० टक्के संकोच करूनही वर्षानुवर्षे शांत राहू शकतो. पहिल्या रुग्णावर शस्त्रक्रिया होत नाही आणि दुसऱ्यावर होते. शस्त्रक्रियेतही पक्षाघाताचा थोडा धोका असतोच. म्हणूनच विलेपातील वाहिन्या व रक्तस्राव ओळखण्याला केवळ शास्त्रीय कुतूहलापलीकडचे महत्त्व आहे. नेदर्लंड्समधील उत्रेख्त येथे २००२ पासून काढलेले विलेप जतन करून रुग्णांचा पाठपुरावा केला जात आहे. त्यातील ८१८ रुग्णांवर आधारित २०१० च्या निष्कर्षानुसार ज्यांच्या विलेपात रक्तस्राव किंवा वाहिन्यांची घनता अधिक होती त्यांना पुढे हृदयविकार, पक्षाघात इ. घटना अधिक प्रमाणात झाल्या. विलेप तर काढून टाकलेला होता. म्हणजे मानेतील हा तुकडा सबंध शरीरातील रोहिणींच्या अवस्थेची साक्ष देत होता. आशियाई लोकांत कवटीच्या आतील रोहिणींचा विकार पाश्चात्त्यांच्या मानाने अधिक आढळतो. तेथील विलेप अशा तऱ्हेने काढून पाहता येत नसल्याने पाश्चात्त्य रुग्णांवरील हे निष्कर्ष भारतीयांना जसेच्या तसे लावताना सावधगिरी बाळगणे योग्य ठरेल.

कारण की परिणाम : वाहिन्या विलेपाला बिघडवितात की बिघडलेल्या विलेपात त्या निव्वळ उगवतात, हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. के. एस्. मोल्टन, फोकमन व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये विलेप होण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्या उंदरांना वाहिनीजननरोधक द्रव्ये दिली, तेव्हा विलेपांची वाढ बरीच मंदावली. एफ्. एल्. चेल्लेट्टी व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये उलट बाजूने, वाहिनीवृद्धी घटक टोचून, विलेप वाढतात असे दाखविले. हे प्रयोग महत्त्वाचे आहेत; पण उंदराची रोहिणी इतकी पातळ असते की तिच्या विलेपात मानवासारख्या वाहिन्या क्वचितच शिरतात. शिवाय हे पदार्थ वाहिन्यांखेरीज शोथकारक कोशिकांवरही परिणाम करतात. उंदरावरून माणसाविषयी निष्कर्ष काढताना २९ पटलांचा जुना हिशेब विसरून चालत नाही.

उपचार : केवळ विलेपातील वाहिन्यांवर रोख असलेले कोणतेही औषध या विकारासाठी रूढ झालेले नाही. कर्करोगात वाहिनीवृद्धी घटकाला निष्प्रभ करणारे बेव्हॅसिझुमॅब हे औषध वापरतात. पण ते घेणाऱ्या रुग्णांत रोहिणींत गुठळ्या होण्याचे, त्यांत पक्षाघात व हृदयविकाराचेही, प्रमाण वाढते असे आढळून आले आहे. हा घटक निरोगी अंतःस्तर टिकविण्यासही आवश्यक असल्याने त्याला सरसकट अडविणे परवडणारे नाही. मॅसॅच्यूसेट्स जनरल हॉस्पिटलमधील राकेश जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्बुदांच्या संदर्भात वाहिन्या नष्ट करण्याऐवजी त्यांना आधार देऊन नीटनेटक्या व न गळणाऱ्या बनवाव्यात, असा विचार मांडला आणि २००७ मध्ये तो विलेपालाही लागू करण्याचे सुचविले. तर्काला तो पटण्यासारखा आहे. रुग्णांवरील कसोटी व्हावयाची आहे.

व्यवहारात उपयोगी पडतात ते परिचित उपाय. स्टॅटिन वर्गाची औषधे रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करतात व शोथ शमवितात. ही औषधे घेणाऱ्यांच्या विलेपात वाहिन्या कमी असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. मात्र प्रयोगशाळेत अल्प मात्रेत ती वाहिनीजननाला साहाय्य करतात, तर मोठ्या मात्रेत त्याला आळा घालतात, असे एम्. वाइस व सहकाऱ्यांना २००२ मध्ये आढळले. रक्तदाब, विशेषतः वरच्या व खालच्या दाबांतील फरक, जितका अधिक तितका विलेपातील रक्तस्राव अधिक आढळतो, म्हणून रक्तदाबाचे नियंत्रण महत्त्वाचे आहे. धूम्रपान बंद करणे व मधुमेह आटोक्यात ठेवणे यांनाही तितकेच महत्त्व आहे. मधुमेही व्यक्तींत हॅप्टोग्लोबिनाचा एक आनुवंशिक प्रकार असल्यास रक्तारुणाची विल्हेवाट नीट लागत नाही व विलेपातील लोह आणि वाहिन्या दोन्ही वाढलेल्या दिसतात. गुठळीरोधक ॲस्पिरिनासारखी औषधे बिंबाणूंना (रक्त साकळण्यास मदत करणाऱ्या सूक्ष्म कणांना) एकत्र येऊ देत नाहीत व झटका टाळण्यास मदत करतात. ती विलेपातील रक्तस्रावाला कितपत हातभार लावतात याविषयीच्या निरीक्षणांत एकवाक्यता नाही. लक्षणे होऊन गेलेल्या व तीव्र संकोच असलेल्या रुग्णात मात्र शस्त्रक्रिया शक्य तितकी लवकर, झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत केल्यास लाभ सर्वाधिक होतो; दिवस लोटतील तसा तो झपाट्याने घटत जातो.